राक्षस किती तगडा हवा?

टेबलावरच्या रोलप्लेइंग गेममध्ये गेम मास्टरला कायम पडणारा प्रश्न: समोरची लढत खेळाडूंना झेपेल का?

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला, तेव्हा याचं सूत्रच नव्हतं. उघड्या रानात ऑर्क भेटले तर किती? ३० ते ३००! मग चार-पाच जणांनी करायचं काय? पळायचं, लपायचं, नाहीतर बोलणी करायची. भुयारात एक इशारा मात्र होता: जितकं खाली, तितका धोका जास्त. किती उतरायचं हे खेळाडूच ठरवत. शिवाय अनुभवाचे गुण मुख्यतः सोन्याचे मिळत. म्हणजे न लढता खजिना उचलला, तर तीच खरी हुशारी.

२००० साली तिसरी आवृत्ती आली आणि गणित आलं. प्रत्येक राक्षसाला 'चॅलेंज रेटिंग'. रेटिंग ५ म्हणजे पाचव्या लेव्हलच्या चौघांची साधारण २० टक्के ताकद खर्च होणार. सोन्याचे गुण मात्र गेले. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत राक्षसांच्या संख्येसाठी गुणकही होता, कारण दहा गोब्लिन म्हणजे प्रत्येक फेरीत दहा वार.

नव्या गेम मास्टरला या हिशेबाचा मोठा आधार आहे. पण समोर येईल ते झेपणारच, हे एकदा कळलं की कुणी पळत नाही, डोकंही चालवत नाही. म्हणून हिशेब जरूर करा, पण अधूनमधून न झेपणारा राक्षसही ठेवा. फक्त त्याची चाहूल आधी द्या आणि मागचं दार उघडं ठेवा.