पौषातली हरिणे



वडोद्याच्या जुन्या मराठी घरांत सांगण्यासारख्या गोष्टी पुष्कळ. कुणाचे आजोबा खानगी खात्यात, कुणाचे फौजेत, तर कुणाचे पणजोबा शिकारखान्याच्या हिशेबावर. आमच्या आजोबांचे एक वाक्य घरात वारंवार ऐकू येई : ‘‘दसऱ्याला मकरपुऱ्याकडे गाडी काढली तर हरिणे मोजवत नसत, आणि पौषात दिवसभर चाके झिजवली तरी धड काळा नर दृष्टीस पडत नसे.’’ ती जातात कुठे, असे विचारले की उत्तर ठरलेले, ‘‘शहाणी होतात.’’ शेजारचे काका म्हणत, ‘‘उठून जातात.’’ आणि आमच्या आजी, ज्यांना शिकारीचे कौतुक नव्हते, त्या म्हणत, ‘‘मारून खाल्ली, मग दिसतील कशी?’’

ही तीन उत्तरे वेगवेगळी आहेत आणि त्यांतला भेद आपल्या संस्थानी इतिहासात फार महागात पडला, असे मला वाटते. म्हणून आजचा विषय.

‘हरिण’ हा शब्द मी बोलण्यातल्या अर्थाने घेतो. काळवीट हे शास्त्राच्या हिशेबात कुरंगकुळातले. त्याची पिळाची शिंगे सांबर-चितळासारखी दरवर्षी गळत नाहीत. गुजरातच्या, दख्खनच्या आणि माळव्याच्या उघड्या माळांवरचा हा प्राणी. त्याच्या शिकारीसाठी राजेलोक चित्ते पाळत. (चित्ता म्हणजे बिबट्या नव्हे. हा घोटाळा आपल्याकडे वर्तमानपत्रांतही चालतो.) १८७५ च्या मे महिन्यात सयाजीराव दत्तक आले आणि त्याच नोव्हेंबरात इंग्लंडचे युवराज वडोद्यास आले. त्या पाहुण्यासाठी जे खेळ मांडले, त्यांत चित्त्याची शिकार होती. मही नदीकाठचे डबका हेही गायकवाडांच्या शिकारीचे ठिकाण.

ही शिकार बैलगाडीतून होई. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपडे चढवून त्याला गाडीवर बसवत. गाडी कळपाकडे सरळ जात नसे, वळसे घेत, जणू दुसरीकडेच निघाली आहे अशा चालीने जवळ जाई. अंतर पुरेसे कमी झाले की टोपडे काढून चित्ता सोडत. त्याचा दम थोडा, काहीशे यार्डांत सगळा निकाल. पहिल्या झेपेत नर हाती लागला तर लागला, नाहीतर चित्ता रागावून बसून राही आणि चित्तेवाला त्याला चुचकारून परत आणी.

गाडीच का? माळावरच्या हरिणाने जन्मल्यापासून गाड्या पाहिलेल्या असतात. कडबा वाहणारी, बाजाराला जाणारी गाडी त्याला काही करत नाही. पायी चालणाऱ्या माणसाला ते जेवढे जवळ येऊ देत नाही, तेवढे गाडीला येऊ देते. आपल्या गायपारध्यांची विद्या हीच. शिकवलेल्या गाईच्या आडून, तिच्या चालीने चरत चरत हरिणापर्यंत पोहोचायचे. राजाची गाडी आणि पारध्याची गाय, दोन्हींचे भांडवल एकच : हरिणाचा विश्वास.

हे भांडवल मोसमभर पुरत नाही. एका कळपासमोर चारदा गाडीतून चित्ता सुटला की वाचलेली जनावरे ते विसरत नाहीत. मादीच्या मागून पाडस पळते आणि त्यालाही धडा मिळतो. पुढच्या खेपेस कळप दुप्पट अंतरावरून उठतो. चित्त्याचा दम मात्र तेवढाच राहतो. म्हणजे रानात हरिणे आहेत, पण चित्त्याच्या टप्प्यात नाहीत. आजोबांचे ‘शहाणी होतात’ येथवर खरे.

पण एवढ्यावर भागत नाही. काळविटाचा माज वर्षातून दोनदा जोर धरतो, एकदा पावसाळा सरता सरता आणि पुन्हा हिवाळा उतरताना. त्या दिवसांत काळा नर माळावरचा आपला तुकडा धरून बसतो, लेंड्यांचे ढीग घालून हद्द राखतो, दुसरा नर आला की भिडतो. आश्विनात दररोज त्याच जागी दिसणारा नर तो हाच. जोर ओसरला की बरेच नर आपली जागा सोडून नरांच्या टोळीत मिसळतात आणि चरत भटकतात. दसरा ते होळी असा मोसम धरला, तर त्याचा मध्य नेमका या दोन उधाणांमधल्या ओहोटीत येतो.

जुन्या शिकाऱ्यांना हे ठाऊक होते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा बाराव्या शतकातला ‘मानसोल्लास’ आपण मराठीच्या जुन्या नमुन्यांसाठी उघडतो. त्यातच मृगयेचे प्रकरण आहे, आणि पाळीव हरिण पुढे करून रानटी हरिण पकडण्याची रीतही आहे. चार शतकांनंतर अबुल फजलही तसेच लिहितो. पाळलेल्या नराच्या शिंगांना फासे बांधून त्याला रानात सोडायचे. तिथला धनी त्याच्याशी झुंजायला येतो आणि अडकतो. ही युक्ती नराच्या माजावर उभी आहे. माज उतरला की आव्हान घ्यायला कोणी येत नाही.

आता आजीचे उत्तर. शिकाऱ्याला हवा काळा नर, कारण शिंगे त्याचीच. माळावर दुरून उठून दिसतो तोही तोच. नर पुरता काळा व्हायला दोन-तीन वर्षे लागतात, तोवर तो मादीसारखाच तपकिरी. म्हणजे मोसमाच्या आरंभी जे सर्वांत आधी दिसतात तेच सर्वांत आधी जातात. कळप पन्नासाचा चाळीस झाला तरी कोणाला जाणवत नाही, पण त्यातले तीन काळे नर गेले तर पाहणाऱ्याला रान रिकामे वाटते. ‘हरिणे कमी झाली’ या वाक्याचा खरा अर्थ पुष्कळदा एवढाच असे.

शेतीचाही भाग आहे. आमच्या कानम पट्ट्यात कपाशी हिवाळाभर उभी असते, आणि बसलेले हरिण तिच्यात दिसत नाही. पिकाचे नुकसान सोसणारा शेतकरी या सगळ्या कथांत कुठेच बोलत नाही. राखीव रानालगत त्याने हरिणाला दगड मारायचा तोही भीतभीत. हरिणे पौषात कुठे असतात, हे त्याला विचारले असते तर त्याने लगेच सांगितले असते : रात्री माझ्या हरभऱ्यात.

हे रात्रीचे प्रकरण महत्त्वाचे आहे. अमेरिकेत हरिणांच्या गळ्यात यंत्रे बांधून त्यांचा माग घेतला गेला. शिकारीचा ताण वाढला की ती मुलूख सोडून जात नाहीत, असे तिथे दिसले. दिवसा ती कमी हलतात, झाडोऱ्यात राहतात, आणि म्हणून शिकाऱ्याच्या डोळ्यांना कमी पडतात. २०१८ साली जगभरच्या ६२ सस्तन प्राण्यांवरील अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा माणसाचा वावर वाढला की जनावरे रात्रीकडे सरकतात, हेच निघाले. काकांचे ‘उठून जातात’ खरे ठरते, फक्त जाणे दुसऱ्या गावाला नव्हे, दुसऱ्या प्रहराला असते.

मोगलांनी यावर उपाय शोधला होता. १५६७ साली लाहोरजवळ अकबराने कमरघा मांडला. हजारो माणसांनी सुमारे महिनाभर रान वेढत आणले आणि मग बादशहाने पाच दिवस शिकार केली. जनावराला शहाणे व्हायला सवडच ठेवायची नाही, हा त्यातला विचार. १५७८ मध्ये भेऱ्याजवळ असाच वेढा पुरा होत आला असता त्याने अचानक सगळी जनावरे सोडून दिली, त्याची कारणे इतिहासकार अजून चर्चितात. एरवी बादशाही तळ हलत राही, आणि मागे राहिलेल्या रानाला विसावा मिळे. संस्थानिकांचा तळ हलत नव्हता. त्यांचे रमणे आणि कुरणे ठरलेली. तरीही विसाव्याचे काम होई, कारण ते हरिणच करून घेई. मध्यावर ते नाहीसे होई, मानकरी कंटाळत, गाड्या नीलगाईकडे किंवा तितरांकडे वळत. ब्रिटिश हिंदुस्थानात १९१२ च्या कायद्याने सरकारला बंद काळ ठरवता येऊ लागला. हरिणाने स्वतःचा बंद काळ त्याआधीच ठरवून ठेवला होता.

तो मोडला मोटारीने. माळावरच्या हरिणाला आरंभी मोटार ही गाडीसारखीच निरुपद्रवी वाटली. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या जीपगाड्या बाजारात स्वस्त आल्या, बंदुका वाढल्या, संस्थाने गेली आणि रमण्यांवरचा पहाराही उठला. अंतर वाढवून वाचावे, तर जीपचा दम चित्त्यासारखा संपत नाही. रात्रीकडे सरकावे, तर झोतदिव्यापुढे डोळे चमकतात आणि जनावर खिळून उभे राहते. दिवसा वाचण्यासाठी हरिणाने घेतलेला आसरा हीच त्याची मरणाची जागा झाली. आणि माळ रिकामे दिसू लागले, तेव्हा जाणती माणसे सवयीने म्हणत राहिली की शहाणी झाली आहेत, फाल्गुनात दिसतील. आमचे आजोबाही १९५५ च्या सुमारास असेच म्हणत. या एका बाबतीत आजी बरोबर होत्या.

चित्त्याची गोष्ट त्याआधीच संपत आली होती. रानातून मोठे चित्ते पकडून माणसाळवत, कारण पिलाला शिकार त्याची आईच शिकवते. अकबराच्या आयुष्यात नऊ हजार चित्ते त्याच्याकडे जमले, असे जहांगीर लिहितो. बंदिवासात विण जवळजवळ नाही, रानात भर नाही. विसाव्या शतकात कोल्हापूर, भावनगर यांसारख्या संस्थानांना चित्ते आफ्रिकेतून आणावे लागले, १९१८ ते १९४५ या काळात सुमारे दोनशे. शेवटचे तीन १९४७ मध्ये कोरियाच्या महाराजांच्या बंदुकीला बळी पडले.

भावनगरकरांचे वेळावदरचे कुरण, जिथे गाडीवरून चित्ते सुटत, ते १९७६ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. नगरकडे कर्जत तालुक्यात रेहेकुरीचे लहानसे अभयारण्य १९८० चे. गेल्या पौषात मी वेळावदरला गेलो. काळे नर उघड्यावर, भर दुपारी, रस्त्यापासून पन्नास पावलांवर उभे होते. आमची मोटार पाहून त्यांनी मान वर केली, आणि पुन्हा खाली घालून चरू लागले.