आग पुरली, पाणी विसरले : साकीनाका आणि जमिनीखालच्या टाक्या

१/ एखादा जुना पेट्रोल पंप बंद होतो, भोवती पत्रे उभे राहतात, टाक्या उकरून नेल्या जातात आणि टॉवरचा पाया खणला जातो. साकीनाक्यासारख्या गजबजलेल्या भागात हे कुणाच्या लक्षातही येत नाही. टाकी गेली, पण वर्षानुवर्षे तिच्यातून काही झिरपले असेल, तर ते कुठे गेले? आजचा धागा या प्रश्नाच्या इतिहासाविषयी.

२/ आधी पाणी पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई बेट विहिरी आणि तळ्यांवर जगत होते. १८५४ च्या टंचाईनंतर मिठी नदी अडवून विहार तलाव बांधण्यात आला आणि १८६० मध्ये नळाचे पाणी शहरात आले. साकी-विहार रस्त्याच्या नावात तोच तलाव आहे.

३/ नळ आले तरी विहिरी टिकून होत्या. मग हिवतापाची साथ आली. १९०९ ते १९११ या काळात डॉ. चार्ल्स बेंटली यांनी चौकशी केली आणि विहिरींत वाढणाऱ्या डासांवर बोट ठेवले. धार्मिक कारणांनी विरोध झाला, तरीही असंख्य विहिरी झाकल्या वा बुजवल्या गेल्या. उपनगरांतील विहिरी पुढे इमारतींखाली गेल्या.

४/ आरोग्याच्या दृष्टीने तो निर्णय समजण्यासारखा होता. परंतु विहीर ही भूजलाची खिडकीही असते. पाण्याला वास आला, तवंग दिसला, तर पहिली तक्रार पाणी शेंदणारी बाई करते. ती साक्षीदारच उरली नाही.

५/ आता इंधन. पेट्रोल चटकन पेट घेते, म्हणून ते जमिनीखाली साठवण्याची रीत पडली. १९३४ चा पेट्रोलियम कायदाही प्रामुख्याने आग व स्फोट यांच्या भीतीतून घडला. आजही परवाने देणाऱ्या, नागपूरला मुख्यालय असलेल्या केंद्रीय संस्थेच्या नावात ‘एक्स्प्लोझिव्ह्ज’ हा शब्द आहे. कायद्याने इंधनात आग पाहिली, पाणी पाहिले नाही.

६/ एकेरी भिंतीची पोलादी टाकी दमट मातीत गंजते. सूक्ष्म छिद्रातून होणारी गळती हिशेबातही उमटत नाही. पेट्रोल पाण्याहून हलके, म्हणून ते भूजलावर तरंगते. पण त्यातील बेंझिन काही प्रमाणात पाण्यात विरघळते. बेंझिन कर्करोगकारक आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १० मायक्रोग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा.

७/ मुंबईखालचा खडक मुख्यतः बेसाल्ट. त्यात पाणी भेगांतून वाहते, त्यामुळे प्रदूषण कोणत्या दिशेला सरकेल हे सांगणे कठीण. पावसाळ्यात भूजल वर येते, उन्हाळ्यात खाली जाते आणि तरंगणारे इंधन मातीच्या थराथरांत माखत राहते. टाकी काढली तरी हा थर उरतो.

८/ अमेरिकेत कोट्यवधी लोक भूजल पितात, म्हणून तिथे ओरड लवकर झाली. १९८४ मध्ये भूमिगत टाक्यांसाठी कायदा, १९८८ मध्ये नियम, आणि जुन्या टाक्या सुधारण्यास १९९८ ची मुदत. तिथे आजवर पाच लाखांहून अधिक गळत्या नोंदल्या गेल्या आहेत.

९/ आपल्याकडे? ऑगस्ट २०२४ मध्ये गोव्यातील दाबोळी-चिखली परिसरात विहिरींच्या पाण्यात इंधन आढळले. एका विहिरीने तर पेट घेतला. तिथे विहिरी वापरात होत्या, म्हणूनच ते उघडकीस आले.

१०/ जानेवारी २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नव्या पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. शाळा, रुग्णालये व निवासी वस्तीपासून साधारणतः ५० मीटर अंतराचा निकष त्यांत आहे. परंतु जुने पंप त्याआधीच्या अनेक दशकांचे आहेत.

११/ आज त्याच जमिनीत खोल तळघरे खणली जातात. खड्ड्यात साचणारे भूजल उपसले जाते, ते गटारात आणि साकीनाक्याच्या परिसरात पुढे मिठीत जाऊ शकते. विहारपाशी अडवलेली नदी इथे शहराचे सारे पोटात घेऊन माहीमच्या खाडीकडे निघते.

१२/ इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला खरे काम आहे. अमेरिकेत जमिनीची तपासणी करताना आगविम्याचे जुने नकाशे चाळतात, कारण टाकी कुठे होती हे त्यांत दिसते. आपल्याकडे जुने नकाशे, छायाचित्रे, डिरेक्टऱ्या आणि माणसांच्या आठवणी आहेत. घरातील वडीलधाऱ्यांना दोन गोष्टी विचारा : आपल्या भागात विहीर कुठे होती आणि पंप कुठे होता? दोन्ही उत्तरे एकाच नकाशावर मांडून ठेवा. खणण्यापूर्वी माती कुठे तपासावी, हे त्यावरून कळेल.