रायफलीची नळी आणि वऱ्हाडचा पावसाळा

मेळघाट म्हटले की आज आपल्या विद्यार्थ्यांना व्याघ्र प्रकल्प आठवतो. १९७३ साली देशातील जे पहिले नऊ प्रकल्प निवडले गेले, त्यांपैकी हा एक. आदल्याच वर्षीच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा घातला होता. त्यापूर्वी चिखलदऱ्यापासून अकोल्याकडील नरनाळ्यापर्यंतच्या या रानांत साहेब लोक आणि त्यांच्या मागोमाग आपल्याकडील हौशी मंडळी रायफली घेऊन हिंडत. या रायफलींचा नेम काही वर्षांनी बिघडे. नळी घासली, एवढेच उत्तर पुरेसे नाही.

रायफलीच्या नळीला आतून पिळदार खाचा, म्हणजे आटे, असतात. गोळी त्यांत रुतून पुढे सरकते, तसा तिला पीळ मिळतो आणि ती भोवऱ्यासारखी फिरत हवेत तोल सांभाळते. आटे झिजले की गोळी डगमगते, कधी आडवी आदळते. कागदी निशाणावर चार बोटे चुकणे ही किरकोळ गोष्ट. जनावराच्या बाबतीत मात्र तेवढ्याने ते मरत नाही, जायबंदी होऊन निसटते. १९०७ साली कुमाऊंत जिम कॉर्बेट यांनी मारलेल्या चंपावतच्या वाघिणीचे उजवीकडचे वरचे व खालचे सुळे जुन्या गोळीने मोडलेले निघाले. नेहमीची शिकार साधेना, म्हणून ती माणसांकडे वळली, असे कॉर्बेट यांचे मत होते.

सातपुड्याच्या जंगलांवरील ग्रंथामुळे (१८७१) प्रसिद्ध झालेले कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांनी त्याआधी शिकारी रायफलीवरही पुस्तक लिहिले होते. गोल गोळी, भरपूर काळी दारू आणि अगदी सैल पीळ, असा त्यांचा आग्रह. सोरा, गंधक व कोळसा यांची ती दारू नळीत काजळी फार धरी, पण पोलाद फारसे जाळीत नसे. १८८९ साली ॲबेल व ड्यूअर यांचे कॉर्डाइट आले आणि चित्र पालटले. त्यात ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन होते. धूर कमी, पण वायू भयंकर तप्त. काळ्या दारूसाठी मेटफर्ड यांनी बेतलेले उथळ, गोलसर आटे त्यापुढे टिकेनात. म्हणून ब्रिटिश लष्कराने १८९५ मध्ये खोल आट्यांची ली-एनफील्ड घेतली आणि १९०१ मध्ये कॉर्डाइटमधील नायट्रोग्लिसरीन ३० टक्क्यांवर आणले. ही झीज काडतुसाच्या लगेच पुढे सुरू होते, कारण उष्णता तेथेच सर्वांत जास्त.

दुसरा शत्रू काडतुसाच्या बुडाशी, टोपीत, दडलेला असे. तिच्यातील पोटॅशियम क्लोरेट स्फोटानंतर पोटॅशियम क्लोराइड होऊन नळीत चिकटे. हा मिठाचाच भाऊबंद! हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ८५ टक्क्यांवर गेली की तो पाणी ओढून घेतो. अकोल्याच्या मे महिन्यात अशी नळी कोरडी ठणठणीत राहील; जुलैत आतून गंजेल. शिकारी कॉर्डाइटमधील आम्लाला दोष देत आणि तेल ओतून निर्धास्त होत. पण क्षार तेलात विरघळत नाही, त्याखाली तो आपले काम करीतच राहतो. खरा गुन्हेगार हा क्षार आहे, हे अमेरिकेच्या खाण ब्यूरोने १९२२ साली दाखवून दिले. उपाय फुकटचा होता: नळीत उकळते पाणी ओतायचे, ती कोरडी पुसायची, मग तेल.

शाळेत हे पाहायला बंदूक लागत नाही. दोन खिळे घासून चकचकीत करावेत. एक पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात बुडवून वाळवावा, मग दोन्हींना तेल लावून पावसाळ्यात आठवडाभर खिडकीत ठेवावेत.