टॅपेटचा आवाज

टॅपेटचा आवाज म्हणजे मोटारगाडीच्या इंजिनातील झडपा (व्हॉल्व्ह) उघडणाऱ्या यंत्रणेतून येणारा, नियमित लयीचा ‘टिक-टिक’ असा धातूचा आवाज होय. सिलिंडर हेड उघडून दुरुस्ती केल्यानंतर हा आवाज नव्याने सुरू होणे किंवा पूर्वीपेक्षा वाढणे, ही जुन्या गाड्यांबाबतची नेहमीची तक्रार आहे. पुढील विवेचन प्रामुख्याने पुशरॉड असलेल्या चार सिलिंडरच्या इंजिनांना लागू पडते. हिंदुस्तान अँबॅसडरमधील १,४८९ घन सेंमी.चे बी-सिरीज इंजिन आणि मुंबईच्या टॅक्सींमुळे परिचित झालेल्या प्रीमियर पद्मिनीचे १,०८९ घन सेंमी.चे इंजिन ही त्याची भारतातील ठळक उदाहरणे होत.

फटीचे प्रयोजन

अशा इंजिनांत झडप बंद असताना रॉकर व झडपेचा दांडा यांच्यामध्ये थोडी फट मुद्दाम ठेवलेली असते. बी-सिरीज इंजिनात ती थंड स्थितीत साधारणपणे ०.०१५ इंच (०.३८ मिमी) ठेवतात. धातू तापल्यावर प्रसरण पावतो, त्यासाठी ही जागा असते. त्यामुळे सुस्थितीतील इंजिनही थोडी टिकटिक करतेच आणि ती दोषाची खूण नव्हे.

आवाज बंद करण्यासाठी फट प्रमाणापेक्षा कमी करण्याची चूक अनेकदा होते व ती महागात पडते. धूर बाहेर सोडणाऱ्या झडपेची बहुतेक उष्णता, ती बंद असताना, बैठकीशी येणाऱ्या संपर्कातूनच हेडमध्ये उतरते. फट उरली नाही तर झडप पुरती मिटत नाही. तप्त वायू तिच्या कडेवरून निसटत राहतो आणि कड जळते. जास्त फटीची झडप आवाज करून आपला दोष सांगते. कमी फटीची मात्र कॉम्प्रेशन गेल्यावरच लक्षात येते.

दुरुस्तीनंतरची कारणे

झडपा व त्यांच्या बैठका घासल्या की झडप हेडमध्ये किंचित खोल बसते, दांड्याचे टोक वर येते आणि फट घटते. नवे हेड गास्केट इंजिन चालल्यावर दबते. त्यानंतर हेडचे नट पुन्हा आवळले की रॉकर ब्लॉकच्या जवळ येतात व फट आणखी कमी होते. म्हणून नट आवळून झाल्यावर टॅपेट पुन्हा तपासणे आवश्यक असते. हा दुसरा फेरा टाळणे हे झडप जळण्याचे एक प्रमुख कारण आहे.

रॉकर शाफ्टकडे जाणारा तेलाचा मार्ग गास्केटच्या तुकड्याने किंवा गाळाने अडला, तर फट अचूक असूनही आवाज येतो. झाकण काढून इंजिन मंद गतीने चालवल्यास रॉकरवर तेल पाझरते की नाही, ते लगेच दिसते.

निदान

पहिली कसोटी लयीची. कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या गतीत प्रत्येक झडप ४०० वेळा उघडते, म्हणजे एका सैल टॅपेटचे सेकंदाला सहा-सात टिक ऐकू येतात. बेअरिंगचा ठोका याहून जड व खोल असतो आणि त्या सिलिंडरच्या प्लगची वायर काढली की बहुधा बदलतो. टॅपेटच्या आवाजात तसा फरक पडत नाही.

सर्वांत फसवा आवाज एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गळतीचा. एका सिलिंडरचा धूर क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांतून एकदाच बाहेर पडत असल्याने त्याची लय टॅपेटसारखीच असते. शिवाय हेड काढताना मॅनिफोल्डचा जोडही सुटलेला असतो. जोडापाशी काजळीचे डाग दिसणे आणि इंजिन तापल्यावर आवाज मंदावणे, ही त्याची लक्षणे होत.

दोषी झडप ओळखण्यासाठी मंद गतीत चालणाऱ्या इंजिनात रॉकर व दांडा यांच्यामध्ये फीलर गेजची पाती घालतात. ज्या ठिकाणी पाती जाताच आवाज थांबतो, ती झडप सैल होय. फट जुळवताना मात्र इंजिन बंद व थंड असावे लागते. बी-सिरीजमध्ये त्यासाठी नवाचा नियम पाळतात. झडपांना पुढून मागे १ ते ८ क्रमांक द्यावेत. जी पूर्ण उघडी असेल तिचा क्रमांक नवातून वजा करून येणाऱ्या झडपेची फट तपासावी. पहिली उघडी असताना आठवी, तिसरी उघडी असताना सहावी.

गेज योग्य फट दाखवते, तरीही टिकटिक थांबत नाही, अशा वेळी रॉकरचे टोक पाहावे. तेथे खळगा पडलेला असेल तर सपाट पाती त्यावर पुलासारखी टेकते आणि खरी फट मापापेक्षा जास्तच राहते. उपाय रॉकर घासून घेणे किंवा बदलणे हाच.

फट जुळवूनही काही दिवसांत वारंवार वाढत असेल, तर कॅमचा उंचवटा झिजत असण्याची शक्यता असते. डायल गेजने झडपेची उचल मोजली असता ती इतरांपेक्षा कमी भरते. सुटे केलेले टॅपेट आपापल्या मूळ जागी न बसवता अदलाबदल झाल्यासही अशी झीज सुरू होते. मिस्त्री ते क्रमाने मांडून ठेवतात, ते याचसाठी.