गेटवेच्या गर्दीपलीकडची मुंबई : तीन पर्यायी पत्ते

१/८
मुंबईचा इतिहास पाहायला निघालेला प्रवासी बहुधा तीन ठिकाणे गाठतो : गेटवे ऑफ इंडिया, घारापुरी आणि काळा घोड्याजवळचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. ती पाहावीतच. परंतु हे शहर घडवणारी माणसे ज्यांना भेटायची आहेत, त्यांच्यासाठी हा धागा.

२/८
प्रथम गेटवे. राजा पंचम जॉर्ज २ डिसेंबर १९११ रोजी अपोलो बंदरावर उतरला, त्याचे हे स्मारक. मात्र त्या दिवशी ही कमान अस्तित्वातच नव्हती! पायाभरणी १९१३ ची, उद्घाटन १९२४ चे. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी अखेरची ब्रिटिश पलटण याच कमानीतून परतली. म्हणजे या दिमाखदार वास्तूने साम्राज्य पाहिले, ते पुरती चोवीस वर्षेही नाही.

३/८
त्याऐवजी वाळकेश्वरच्या बाणगंगेला जा. समुद्र हाकेच्या अंतरावर, तरीही तलावाचे पाणी गोडे. येथील मूळ देवालय शिलाहारकालीन मानले जाते. पोर्तुगीज अमदानीत ते उद्ध्वस्त झाले आणि १७१५ च्या सुमारास रामा कामत यांनी ते पुन्हा उभारले.

४/८
रामा कामत हे सारस्वत व्यापारी आणि कंपनी सरकारच्या देशी शिपायांचे प्रमुख. पुढे काही वर्षांतच कान्होजी आंग्रे यांच्याशी गुप्त संधान बांधल्याच्या आरोपावरून कंपनीने त्यांना जन्मठेप दिली. तो पुरावा बनावट होता, हे नंतर उघडकीस आले. राजाच्या क्षणिक आगमनाला कमान लाभली. शहराला देवालय देणाऱ्याच्या वाट्याला कैद आली.

५/८
घारापुरीला पर्याय बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी. शंभराहून अधिक बौद्ध लेणी आणि हजार वर्षांहून अधिक काळ नांदलेला विहार. चैत्यगृह भव्य आहेच. पण लेण्यांलगतची पाण्याची टाकी, म्हणजेच पोढ्या, आणि खडकात कोरलेले पन्हाळ आवर्जून पाहा. पावसाचे पाणी साठवण्याची ही व्यवस्था पाहिली की डोंगरावर भिक्षुसंघ वर्षभर कसा राहत असेल, याचा उलगडा होतो.

६/८
येथील ब्राह्मी लेखांत कल्याण, सोपारा, नाशिक येथील दात्यांची नावे आहेत. कोणी लेणे दिले, कोणी पोढी. लेणे क्रमांक ९० मध्ये तर इ. स. १००९ आणि १०२१ मध्ये आलेल्या पारशी प्रवाशांनी पहलवी लिपीत आपली नावे कोरून ठेवली आहेत. मुंबई नावाचे महानगर जन्मण्यापूर्वीच त्याची बहुभाषिकता येथे दगडावर उमटली होती.

७/८
तिसरा पत्ता भायखळ्याचा. राणीबागेशेजारील वस्तुसंग्रहालय १८७२ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या नावाने खुले झाले. १९७५ पासून ते डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव धारण करते. व्यवसायाने वैद्य असलेल्या या विद्वानाने अजिंठ्याचे शिलालेख वाचण्याचे मोलाचे काम केले. संग्रहालयाच्या आवारात एक दगडी हत्ती उभा आहे. पोर्तुगीजांनी घारापुरीला ‘एलिफंटा’ म्हटले, ते याच हत्तीमुळे. त्याला इंग्लंडला नेण्याच्या खटाटोपात त्याचे तुकडे झाले. पुढे ते सांधून त्याला येथे उभे केले गेले. घारापुरी हुकली, तरी तिचा हत्ती येथे भेटतो.

८/८
सोय म्हणून : कान्हेरी सोमवारी बंद असते, भायखळ्याचे संग्रहालय बुधवारी. बाणगंगेला पहाटे जावे. प्रसिद्ध स्थळे बहुधा सत्ताधीशांची स्मृती जपतात. पोढी देणारा, देवालय उभारणारा आणि लेख वाचणारा यांची नावे मात्र शोधावी लागतात. तुमच्या शहरातील असा एखादा पत्ता खाली अवश्य लिहा.