बागेचे पंचांग

गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी खंडेराव मार्केटबाहेर पत्रीचे वाटे मांडलेले असतात. आपण एक वाटा घेतो, घरी आणून परडीत ठेवतो. पूजेच्या वेळी गुरुजी एकेक नाव उच्चारतात, शमीपत्र, अर्जुनपत्र, अर्कपत्र, आणि हाताला लागेल ते पान आपण भक्तिभावाने वाहतो. तीन वर्षांपूर्वी माझ्या पुतणीने मध्येच विचारले, "काका, यातली शमी कुठली?" मला सांगता आले नाही. गुरुजींनी हसून पुढचा मंत्र म्हटला.

मी स्थापत्याची पदविका घेऊन सरकारी नोकरीत लागलेला माणूस. रस्ता रुंद करताना आड येणाऱ्या झाडांच्या याद्या मी केल्या आहेत. त्यात घेर, उंची आणि जात असे रकाने असतात. झाड ओळखता आले नाही की जातीच्या रकान्यात मी 'इतर' लिहीत असे. माझ्या याद्यांमध्ये 'इतर' बरेच होते. पुतणीच्या प्रश्नाने ते आठवले आणि आपल्या कमाटीबागेकडे, म्हणजे सयाजीबागेकडे, मी नव्याने पाहू लागलो.

विश्वामित्रीच्या काठी ही बाग १८७९ साली उभी राहिली. त्या वेळी सयाजीराव महाराज अवघे सोळा वर्षांचे होते. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून ते बडोद्याला आले, त्याला चारच वर्षे झाली होती. कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत; महाराजांच्या हाती पूर्ण अधिकार आले ते १८८१ साली. शंभर एकरांहून मोठी असलेली ही बाग राजवाड्याच्या कुंपणात न ठेवता प्रजेसाठी केली गेली, हे तिचे खरे वैशिष्ट्य. पुढे १८९४ मध्ये इथेच संग्रहालयाची इमारत पूर्ण झाली.

त्याच्या आधीचे १८९३ हे साल आपल्या मंडळाला चांगले ठाऊक आहे. पुण्यात लोकमान्यांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना दिली ते हे वर्ष. त्याच वर्षी बडोदे संस्थानात अमरेली भागात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला, आणि त्याच वर्षी गुस्ताव हर्मन क्रुंबिगेल नावाचा जर्मन उद्यानतज्ज्ञ संस्थानच्या वनस्पती उद्यानांचे काम पाहण्यासाठी आला. जन्म ड्रेस्डेनजवळचा आणि लंडनच्या प्रसिद्ध क्यू उद्यानात काम केलेला. देव, शाळा आणि बाग, तिन्ही गोष्टी त्या सुमारास चार भिंतींतून बाहेर चौकात येत होत्या.

क्रुंबिगेल १९०८ साली म्हैसूर संस्थानात गेले आणि बेंगळुरूच्या लालबागेचे काम त्यांनी हाती घेतले. त्या शहरात त्यांच्या नावाशी जोडलेली एक कल्पना आहे: रस्त्याकडेची झाडे अशी निवडायची की एका जातीचा बहर ओसरला की दुसरीचा सुरू व्हावा, म्हणजे वर्षभर शहर कुठे ना कुठे फुललेले राहील. आजही तिथे लोक जाणकारांबरोबर लालबागेत वृक्षफेरी करतात. प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास पुष्पप्रदर्शने भरतात, ती वेगळीच.

असे पंचांग आपल्या बडोद्यालाही आहे. माघ-फाल्गुनात काटेसावर आणि पळस. पळसाला इथे खाखरो म्हणतात आणि त्याच्या फुलांना केसूडां. चैत्र-वैशाखात शिरीष फुलतो, त्यामागून बहावा, इथला गरमाळो. त्याच उन्हात मूळचा मादागास्करचा गुलमोहर आणि जांभळा ताम्हण. पावसात कदंबाचे चेंडू. आश्विन-कार्तिकात संध्याकाळी सातवीण आणि बूच यांचा वास. एकाच झाडाला आपल्या घरात एक नाव आणि रस्त्यावर दुसरे, ही आपली श्रीमंती आहे. पण माझ्या पिढीत आपण मराठी नाव विसरलो आणि गुजराती नाव शिकलोच नाही. दोन नावांच्या मध्ये झाड 'इतर' होऊन बसले.

महाराजांना ही अडचण पुस्तकांच्या बाबतीत कळली होती. ग्रंथ जमवले तरी ते लावून देणारा आणि वाचकाच्या हाती पोहोचवणारा माणूस हवा, म्हणून १९१० साली त्यांनी अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना बोलावले. त्यातून गावोगावची वाचनालये आणि फिरत्या ग्रंथपेट्या उभ्या राहिल्या. बागेचेही तसेच आहे. बाग खुली असणे पुरेसे नाही. ऋतूऋतूला हाताला धरून फिरवणारे कोणी हवे. एकदाच फिरून भागत नाही, कारण फाल्गुनात ओळखलेला पळस श्रावणात दुसरेच झाड वाटतो.

मला असे एक निवृत्त शिक्षक भेटले. सरांबरोबर मी आता वर्षातून चार रविवार फिरतो. शमी त्यांनीच दाखवली. म्हणाले, "काटे बघा. शमीचे, म्हणजे खीजड्याचे काटे फांदीवर विखुरलेले असतात. वेड्या बाभळीचे पानाच्या बगलेत जोडीने येतात." अर्जुनाच्या पानाच्या देठाजवळ दोन बारीक गाठी असतात, फळाला पाच पंख असतात, आणि गुजराती माणसाला 'सादड' म्हटले की लगेच कळते. पान तोडायचे नाही, खाली पडलेले उचलून पाहायचे, हा सरांचा नियम.

मंडळाला माझी विनंती एवढीच आहे. फाल्गुन, वैशाख, श्रावण आणि कार्तिक, या चार महिन्यांत एकेक रविवारी सकाळी मुलांना घेऊन बागेत जाऊ. मराठी आणि गुजराती, दोन्ही नावे सांगणारी दोन माणसे बरोबर घेऊ. खर्च काहीच नाही.

गेल्या चतुर्थीला पुतणीने पत्रीचा वाटा पाटावर पसरला आणि शमी म्हणून दिलेली डहाळी वेगळी काढली. म्हणाली, "काका, ही वेडी बाभूळ आहे." गुरुजी थांबले, त्यांनी चष्मा लावून पाहिले आणि मान डोलावली. आता नवी यादी समोर आली की मी आधी झाडापाशी जातो, मग जातीचा रकाना भरतो.