कवकांची जैवपटले व कवकरोधी औषधे

कवकांच्या कोशिका (पेशी) एखाद्या पृष्ठभागाला चिकटून व स्वतःच स्रवलेल्या आधारद्रव्यात गुंतून जो थर तयार करतात, त्यास जैवपटल किंवा बायोफिल्म म्हणतात. कँडिडा आल्बिकान्स हे कवक मानवाच्या तोंडात व आतड्यात बहुधा निरुपद्रवी असते. परंतु रुग्णाच्या शिरेत बसविलेल्या नळीवर त्याचे जैवपटल तयार झाल्यास कोशिका रक्तात पसरून प्राणघातक संसर्ग होऊ शकतो. अशा जैवपटलावर औषधांचा प्रभाव का पडत नाही, या प्रश्नातून जीनांच्या अभिव्यक्तीचे संशोधन सुरू झाले.

कवकरोधी औषधांची पारख प्रथम द्रवातील सुट्या कोशिकांवर होत असे. एलिझाबेथ हेझन व रेचेल ब्राउन यांनी न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात शोधलेले निस्टॅटिन १९५० मध्ये जाहीर झाले. ते व त्याच दशकातील अँफोटेरिसीन बी ही औषधे कवकाच्या कोशिकापटलातील एर्गोस्टेरॉलाशी बद्ध होतात. फ्लुकोनॅझोल (अमेरिकेत मान्यता १९९०) एर्गोस्टेरॉलाची निर्मिती रोखते, तर कॅस्पोफंजिन (२००१) कोशिकाभित्तीतील बीटा-ग्लुकानाची.

हॉसर व डग्लस यांनी १९९५ मध्ये दाखविले की, जैवपटलातील कोशिका सुट्या कोशिकांपेक्षा कित्येक पट अधिक औषध सहन करतात. औषध बाहेर टाकणारे प्रथिन-पंप याला कारणीभूत असावेत, असा तर्क होता. रॅमेज व त्यांच्या सहकाऱ्यांना २००२ मध्ये असे आढळले की, जैवपटल तयार होताना या पंपांच्या जीनांची अभिव्यक्ती वाढते. मात्र हे जीन काढून टाकलेल्या वाणांची जैवपटलेही फ्लुकोनॅझोलाला दाद देत नाहीत. म्हणजे पंप हे पूर्ण उत्तर नव्हते.

या कवकाचा जीनसंच २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. हजारो जीनांची अभिव्यक्ती एकाच वेळी मोजण्याचे तंत्रही उपलब्ध झाले होते. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील संशोधकांनी २०१० मध्ये परिपक्व जैवपटलांना दोन तासांपर्यंत औषधे दिली. कॅस्पोफंजिनामुळे १३ टक्के व अँफोटेरिसीन बीमुळे २·७ टक्के जीनांची अभिव्यक्ती बदलली. फ्लुकोनॅझोलामुळे लक्षणीय बदल झालाच नाही. याउलट त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात, निराळ्या परिस्थितीत, फ्लुकोनॅझोलाच्या मोठ्या मात्रेने एर्गोस्टेरॉल निर्मितीचे जीन अधिक क्रियाशील झाल्याचे आढळले. यावरून जैवपटलाचे वय, औषधाची मात्रा व संपर्काचा काळ यांना महत्त्व आले.

पाश्चर संस्थेतील संशोधकांनी पहिल्या निष्कर्षाचा अर्थ असा लावला की, औषध कोशिकांपर्यंत पुरेसे पोहोचतच नसावे. आधारद्रव्यातील बीटा-ग्लुकान फ्लुकोनॅझोलाला अडवून धरते, असे २००७ मध्येच दिसून आले होते. अँफोटेरिसीन बीही त्याला बद्ध होते, असे २०१० मध्ये आढळले. प्रतिरोध हा अशा रीतीने मुख्यतः औषधाला दिलेला प्रतिसाद नसून जैवपटलाच्या घडणीचाच गुण ठरतो. म्हणूनच केवळ मात्रा वाढविणे पुरेसे होत नाही व संसर्गित नळी शक्य तितक्या लवकर काढून टाकणे हा उपचाराचा महत्त्वाचा भाग मानला जातो.